सव्वा मूठ गहू

१

चोरी झाली की माणूस पोलिसात जातो. तोताराम चौधरीही गेला, पण रिटायर झालेल्या पोलिसाकडे, आणि तेही सख्ख्या मामाकडे. घरची अब्रू घरातच राहावी, दुसरं काय!

एक्क्याण्णव सालचा श्रावण. मंगळवारी सकाळी तोतारामनं धुळ्याच्या एस. टी. स्टँडवरून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दिला आणि पितांबर नाना छत्री घेऊन निघाले. पस्तीस वर्षं पोलिसात काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. बायको वारलेली, मुलगा सुरतेला. घर स्टँडपासून दहा मिनिटांवर, तरी भाचा घरी आला नव्हता. कँटीनच्या कोपऱ्यात चहा गार करत बसला होता. नानांना ते खटकलं.

"मामा, कानबाई गेली."

"गेली म्हणजे?"

"पेटीतून गेली. नारळच नाही आत."

नानांनी कप खाली ठेवला. चौधऱ्यांची कानबाई म्हणजे एक जुना नारळ, पाच पिढ्यांचा, वाळून खडखडीत झालेला. वर्षभर तो लाल फडक्यात, पत्र्याच्या पेटीत. नागपंचमीनंतरच्या रविवारी त्याला बाहेर काढायचं, नथ घालायची, साडी नेसवायची, मखरात बसवायचं. तो घरातल्या थोरल्या बाईच्या ताब्यात असतो आणि तिच्याच ओटीतून पुढच्या सुनेच्या ओटीत जातो. बाजारातून दुसरा आणला असं चालत नाही. येत्या रविवारी फैजपूरहून चाळीस भाऊबंद दर्शनाला यायचे होते आणि इथं देवीचाच पत्ता नव्हता!

"कुलूप फोडलं का?"

"तेच तर ना मामा. कुलूप जसंच्या तसं. मंदा दर गुरुवारी दिवसभर पारायणाला जाते, दत्ताच्या देवळात. गेल्या गुरुवारी ती गेल्यावर मी चावीवाला बोलावून पेटी उघडली. तो म्हणाला, साहेब, या कुलपाला कोणी हात लावलेला नाही. आत बघतो तर नथ आहे आणि नारळ नाही."

"सोन्याची नथ ठेवून नारळ नेला? भला चोर आहे!" नाना म्हणाले. "पण चावीवाला कशाला लागला? चाबी कुठं होती?"

तोताराम चहाकडे बघत राहिला. "आईच्या कमरेला."

आणि आई होती धुळ्यात. पांझरेच्या पलीकडे, शुश्रूषागृहात, कायमची.

आई म्हणजे सुगंधाबाई, नानांची थोरली बहीण, त्यांची अक्का. तीन वर्षांपूर्वी लकव्यानं तिचं उजवं अंग नेलं आणि वाचाही नेली. तीन वर्षं थोरली सून मंदाबाईनं हागणंमुतणं काढलं. मग ज्येष्ठात मंदाबाईची पाठ गेली आणि ती म्हणाली, आता माझ्याच्यानं होत नाही. जळगावात ठेवलं तर कोणी ना कोणी बघणार, म्हणून धुळं. जागा शोधून दिली ती नानांनी. भाऊबंदांत सांगितलं, म्हातारी एरंडोलला लेकीकडे आहे, वैद्याचा लेप चालू आहे.

"दाराशी खाट दिली होती," तोताराम पुटपुटला. "नुसती वर्दळ. त्यानंतर यायला जमलंच नाही."

चाळीस दिवस झाले होते. "आता आलाच आहेस तर..." असं नानांच्या ओठावर आलं, पण त्यांनी ते गिळलं. कारण भाच्यानं लगेच विचारलं असतं, मामा, तुम्ही किती वेळा गेलात? नानांच्या घरून ते शुश्रूषागृह पायी वीस मिनिटं. नाना एकदाही गेले नव्हते. रोज पुलाकडे फिरायला जाणारा माणूस ज्येष्ठापासून उलट्या दिशेला फिरायला जात होता.

"मामा, झाकली मूठ सव्वा लाखाची. रविवारच्या आत शोधा. पोलिसात गेलो तर पहिला प्रश्न येईल, चाबी कोणाकडे? मग आई कुठं आहे ते लिहून द्यावं लागेल."

पुढच्या गाडीनं तोताराम परत गेला. नदीच्या बाजूला त्यानं मान वळवूनही पाहिलं नाही.

२

बुधवारी नाना जळगावच्या गाडीत बसले आणि मधेच एरंडोलला उतरले. भाची कुंदाबाई महाजन इथं दिलेली. संशय घ्यायचा तर तिच्यावर पहिला. आईला ठेवल्यापासून भावांशी बोलत नव्हती, आणि पंधरा दिवसांपूर्वी माहेरी एक चक्कर मारून आली होती.

"मी नेईन नारळ?" कुंदाबाई उसळली. "माहेरच्या देवीवर लेकीचा हक्क असतो का मामा? मी भांडायला गेली होती, भांडून आली."

"आणि धुळ्याला? आईकडे?"

ती एकदम बसली. "नाही गेली. कोणत्या तोंडानं जाऊ? दादा म्हणाला होता, इतकंच वाटतं तर तू ठेव. मी गप्प बसली. माझ्या घरी दोन खोल्या, सासू, दीर... सांगायला कारणं ढीगभर आहेत मामा." आणि तिनं पदर डोळ्याला लावला.

जळगावात पिंप्राळ्याला तोतारामच्या घरी पोचेपर्यंत दुपार झाली. धाकटा भाचा कौतिक फैजपूरहून आलेला होता. दर आठवड्याला येतो तसा केळीचा घड घेऊन.

"कौतिक, देवी तुझ्याकडे बसावी असं तू दोन वर्षं म्हणतो आहेस," नानांनी सरळच घातलं.

"म्हंतो ना! तोंडावर म्हंतो. मी काय चोरून नेईन? नेऊन बसवीन कुठं, केयीच्या बागात? चाळीस लोकं विचारतीन ना, कुठून आनली म्हनून." कौतिक लालबुंद झाला. "आन चाबी मायच्या कमरेले. कानबाईची आन मामा, मी धुळ्याच्या रस्त्याले पाय बी नाई लावला!"

हे त्यानं छातीवर हात मारून सांगितलं. सांगून झाल्यावर मात्र त्याचा हात आपोआप खाली आला.

"अक्काला नेलं त्या दिवशी पेटीत नारळ होता?"

"होता," तोताराम म्हणाला. "आईनं खुणेनं पेटी मागवली. डाव्या हातानं उघडली, नारळ कपाळाला लावला, परत ठेवला. कुलूप स्वतः लावलं आणि चाबी कमरेला खोचली. आम्ही सगळे होतो. ती चाबी काढून घ्यायचा कोणाला धीर झाला नाही."

नानांनी पेटी पुढ्यात ओढली. लाल फडकं रिकामं. नथ. आणि कोपऱ्यात आणखी काहीतरी, पांढऱ्या चिंधीची पुरचुंडी.

"हे काय?"

"असेल जुनं काही. गहू आहेत थोडे."

नानांनी बोटानं दाबून पाहिलं. गहू जुने नव्हते, यंदाचे निवडलेले होते. एक लहानशी मूठ, वर पाव. सव्वा मूठ.

तेवढ्यात मंदाबाई सुपात गहू घेऊन ओसरीवर आली. पन्नाशीची, कमरेला पट्टा बांधलेली, मामेसासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर सारखा करणारी. कानबाईच्या रोटांसाठी या घरात माणशी सव्वा मूठ गहू धरतात. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं, बायापोरांच्यासुद्धा, दोन्ही भावांचं एकच दळण. ते रोट घरच्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत.

"किती मुठी धरल्या?" नानांनी सहज विचारलं.

"नऊ."

"दहा ना गं? तुम्ही चार, कौतिककडचे पाच, आणि..."

मग तोताराम भिंतीकडे बघत म्हणाला, "आई खायला घरात नाही ना मामा. घरात नसलेल्याची मूठ धरत नाहीत. रोट उरला तर पाप. मीच सांगितलं, नऊ धर."

घ्या! जित्या माणसाची मूठ काढली. मेल्यावर काढतात ती. नानांच्या तोंडात कडवट शिवी आली, पण ती देण्याइतकं आपलं तोंड स्वच्छ नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"तू गेली होतीस का गं धुळ्याला?" त्यांनी मंदाबाईला विचारलं.

"मी कशाला जाईन?" ती गहू पाखडत राहिली. "ठेवायला निघाले तेव्हासुद्धा मी नव्हती गेली, पाठीमुळे. यांच्याबरोबर एक गोधडी दिली होती. आता दुसरी द्यायला पाहिजे. खिडकीशी खाट, झड आत येते."

कौतिक जाता जाता आवाज उतरवून म्हणाला, "मामा, वहिनीलेच नको होती माय. आता देवी बी नको झाली आसन." मंदाबाईनं ऐकलं. सूप एकदा थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

नाना पुरचुंडी घेऊन उजेडात आले. गाठ विचित्र होती, एकाच बाजूनं ओढलेली. चिंधीच्या टोकावर काळसर डाग होता. त्यांनी वास घेतला. मिश्री. कोणीतरी एका हातानं गाठ मारली होती आणि दुसरं टोक दातांनी ओढलं होतं.

या घरात मिश्री लावणारं आणि एकाच हातावर भागवणारं माणूस एकच होतं. आणि ते चाळीस दिवसांपासून इथून नव्वद किलोमीटर लांब खाटेवर पडून होतं.

३

म्हणजे आता धुळ्याला जाणं आलं. नाना तर धुळ्यातच राहत होते! गुरुवारी सकाळी त्यांनी कपडे केले. मग पाऊस लागला म्हणून थांबले. दुपारी पाऊस उघडला तर म्हणाले, आता तिची झोपेची वेळ असेल. चोरांचे बहाणे त्यांनी पस्तीस वर्षं ऐकले होते, स्वतःचे ऐकायची वेळ पहिल्यांदा आली. गुरुवार तसाच गेला. तो गेला नसता तर चोर त्यांना आयता सापडला असता.

शुक्रवारी गेले. दाराशी टेबलावर वही होती, येणाऱ्यानं नाव, नातं, वेळ लिहायची. नानांनी पेन उचललं. 'नातं' या रकान्यापाशी हात अडला. चाळीस दिवसांनी येऊन 'भाऊ' कसं लिहायचं? त्यांनी लिहिलं, 'चौकशी'.

दिवालीबाई नावाची सातपुड्याकडची मावशी तिथं रुग्णांचं करायची. अंगानं काटक, बोलायला मोकळी.

"सुगंधाबाई का? पहिले दारजोडे व्हती. पंधरा दिन व्हयनात, खिडकीजोडे खाट टाकी दिन्ही. तिले उजेड लागस."

"कोणी येतं का भेटायला?"

"येस ना! तिनी पोर. दर गुरवारले. काल बी उनी व्हती. डबा लई येस, डोकं इचरी देस, मिसरी बी भाजीसन लई येस. निवडाले गहू देस, म्हने हात चालता ऱ्हावो. मायलेकी दोन्ही बसतस निवडत."

"पोर? नाव काय?"

"नाव मी काय इचारू? वहीमा दखा."

नानांनी वही मागं उलटली. दर गुरुवारी एक ओळ, त्याच जाड अक्षरात. पण ती नीट वाचण्याआधी ते खोलीच्या दाराशी उभे राहिले आणि आत पाहिलं.

खिडकीशी अक्का पाठमोरी पडली होती. केस नीट विंचरलेले, अंबाडा घातलेला. डावा हात उशीखाली.

"उशीखाले काय तरी दडाडेल शे," दिवालीबाई हसली. "कोनलेच हात लावू देत नही. जा ना, उठाडू का?"

दारापासून खाटेपर्यंत आठ पावलं होती. याच बहिणीनं नानांना कडेवर घेऊन केळीच्या बागा ओलांडल्या होत्या. आठ पावलं नानांना टाकवली नाहीत. "झोपू द्या," ते म्हणाले.

जाताना त्यांनी वहीतली ती ओळ वाचली. नाव: सौ. चौधरी. नातं: मुलगी.

नाना जागीच थांबले. कुंदाबाई लग्नानंतर महाजन. मुलगी असेल तर चौधरी नाही, आणि चौधरी असेल तर मुलगी नाही. लिहिणारीनं अर्धं खरं लिहिलं होतं, अर्धं खोटं. आणि खोटं का लिहिलं असेल हे नानांइतकं कोणाला कळणार!

४

शनिवारी संध्याकाळी पिंप्राळ्याच्या घरात चौघं जमले. तोताराम, कौतिक, मंदाबाई, आणि निरोपावरून आलेली कुंदाबाई. रिकामं मखर मधे होतं.

"चोर सापडला," नाना म्हणाले. "पण आधी ऐका. कुलूप फुटलं नाही. दुसरी चाबी नाही. म्हणजे ज्यानं पेटी उघडली त्याला आधी धुळ्याला जावं लागलं. अक्काच्या खाटेशी बसावं लागलं. तिनं आपण होऊन कमरेची चाबी काढून द्यावी, इतकं तिचं व्हावं लागलं. बरोबर?"

"बरोबर," तोताराम म्हणाला.

"मग सांगा, कोण गेलं होतं? तू, तोताराम?"

"नाही."

"कौतिक?"

"म्या तर आन घेतली ना मामा."

"कुंदा?"

तिनं मान हलवली.

"म्हणजे तुम्ही तिघं निर्दोष," नाना म्हणाले. "साफ सुटलात. चाळीस दिवसांत एकदाही आईचं तोंड बघितलं नाही, हाच तुमचा पुरावा. आणि मीही सुटलो. माझं घर तर तिथून वीस मिनिटांवर आहे. माझ्याइतका निर्दोष तर कोणीच नाही!"

कौतिकनं मान खाली घातली.

"तोताराम, तू आईला ठेवलंस तेव्हा खाट दाराशी होती. मग खिडकीशी हलवली. हे इथं बसून कोणाला कळणार? पण बुधवारी एका माणसानं मला सांगितलं, खिडकीशी खाट आहे, झड आत येते. दर गुरुवारी घरातून दिवसभर जाणारं माणूस कोण? वहीत चौधरी लिहून पुढं मुलगी लिहिणारं कोण?"

सगळ्यांच्या माना मंदाबाईकडे वळल्या. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"मीच नेला," ती म्हणाली. "त्यांना निवडायला गहू नेले होते. बोलता बोलता तोंडून गेलं, यंदा नऊच मुठी धरायच्या. मला सांगायचं नव्हतं मामा, खरंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग डाव्या हातानं गहू घेतले. एक मूठ. वर पाव. चिंधीत घालून दातांनी गाठ मारली आणि छातीवर हात ठेवला, ही माझी म्हणून. चाबी काढून माझ्या हातावर ठेवली. मी मूठ पेटीत ठेवली आणि पुढच्या गुरुवारी देवी त्यांच्या ओटीत नेऊन दिली. नथ नाही नेली. सोनं नेलं असतं तर तुम्ही मला काय म्हटलं असतं ते माहीत होतं."

"मला सांगायचं ना!" तोताराम ओरडला.

"काय सांगू? होत नाही म्हणून मीच म्हटलं होतं. मग कोणत्या तोंडानं सांगू, की करमत नाही म्हणून जाते? तिथं सून लिहायची लाज वाटली. लोक म्हणतील, हीच ती. म्हणून मुलगी लिहिलं." तिनं कुंदाबाईकडे बघितलं. "ताई, तुमचं नातं घेतलं. माफ करा."

कुंदाबाई ढसाढसा रडायला लागली. जे नातं तिचं होतं ते चाळीस दिवस बेवारस पडलं होतं. कोणीतरी उचललं, यात माफी कसली मागायची!

तोताराम उठला. "मी आत्ता जातो. पहाटेपर्यंत नारळ आणतो. सकाळी माणसं येतील तेव्हा मखर भरलेलं दिसेल. कोणाला कळायचं नाही."

"नारळ उचलून आणता येत नाही," मंदाबाई शांतपणे म्हणाली. "त्या माझ्या ओटीत घालतील तर येईल."

"आणि सकाळी चाळीस माणसं विचारतील, सुगंधाबाई कुठं आहे," नाना म्हणाले. "तेव्हा कोणतं मखर दाखवशील?"

५

रविवारी सकाळी फैजपूरचा टेम्पो दाराशी लागला. माणसं उतरली, बाया साड्या सावरत ओसरीवर आल्या. तोताराम दारात उभा होता. रात्रभर जागून त्यानं एक वाक्य तयार केलं होतं, पण तोंड उघडल्यावर वेगळंच निघालं.

"कानबाई धुळ्याला बसली आहे. आईजवळ."

"म्हातारी तर एरंडोलले होती ना?" एक चुलता म्हणाला.

"नव्हती. मी खोटं बोललो. आईला आम्ही शुश्रूषागृहात ठेवलं आहे, ज्येष्ठापासून. इथं तिचं होत नव्हतं. ठेवलं याची लाज नाही आबा. ठेवून परत गेलो नाही, याची आहे." आणि तो मोठा बाप्या चाळीस माणसांसमोर उंबऱ्यावर मटकन बसला.

लोक काय बोलायचं ते बोलले. आठजण तिथूनच परत गेले. बाकीचे टेम्पोत चढले.

शुश्रूषागृहाच्या आत एवढी माणसं सोडत नाहीत. दिवालीबाईनं खिडकीबाहेरच्या पडवीत सतरंजी टाकून दिली आणि आत घरचे तेवढे गेले. अक्का उशीला टेकून बसवलेली होती. मांडीवर लाल पदराखाली नारळ. मंदाबाईनं नथ दिली, ती अक्कानं डाव्या हातानं देवीला अडकवली. मग सुनेनं दळणाची पिशवी आणि ती पुरचुंडी पुढे ठेवली. दळण अजून गिरणीत गेलं नव्हतं.

अक्कानं पिशवी सुपात ओतायला लावली. मोजलेले गहू पुन्हा मोजायचे, पहिल्यापासून. तोताराम खाटेच्या पायथ्याशी उभा होता, जवळ यायचा धीर नव्हता. तिनं त्याच्याकडे बघितलं. चाळीस दिवसांचं बघणं होतं ते. तोतारामला वाटलं, आता ही तोंड फिरवेल.

तिनं बोट त्याच्याकडे केलं. मग सुपात हात घातला आणि गच्च मूठ भरली, वर पाव. पहिली मूठ त्याच्या नावाची.

"माय," तोताराम म्हणाला, आणि खाली बसून त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यानं तिची मूठ काढली होती. तिनं त्याची धरली.

दुसरी कौतिकची. मग एकेकाची. मंदाबाईची भरताना अक्का थांबली आणि मूठ थोडी जास्तच भरली. शेवटी पुरचुंडी दातांनी सोडून तिनं स्वतःची सव्वा मूठ त्यात मिसळली. दहा झाल्या.

नाना हे सगळं दारातून बघत होते. मामाची मूठ या दळणात नसते, तो दुसऱ्या घरचा. अक्कानं मान वळवली, त्यांना बघितलं आणि अर्ध्या चेहऱ्यानं हसली. डाव्या हातानं खाटेची कड थोपटली, लहानपणी जेवायला बसवताना पाट थोपटायची तशी.

"नाना, पहिले वहीमा लिखा," दिवालीबाई म्हणाली. "बाकी बठ्ठासनी लिखं."

नाना टेबलाशी आले. वर शुक्रवारची ओळ होती. पितांबर. नातं: चौकशी. त्यांनी खाली नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं, 'भाऊ'. मग पेन वरच्या ओळीवर टेकवलं, ते 'चौकशी' खोडायला.

"काय चुकनं का?" दिवालीबाईनं विचारलं.

"चुकलं," नाना म्हणाले. "पण राहू दे. खोडत नाही." त्यांनी पेन ठेवलं, चपला काढल्या आणि ती आठ पावलं चालत गेले.